बंद पडलेली अल्फा रोमिओ स्पायडर पुन्हा रस्त्यावर आणताना

दहा-पंधरा वर्षे कोपऱ्यात उभी असलेली स्पायडर हाती आली की बॅटरी जोडून चावी फिरवण्याचा मोह होतो. तो आवरा. इतक्या वर्षांत बेअरिंगवरचे तेल निथळून गेलेले असते, पिस्टनच्या रिंगा लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) चिकटलेल्या असतात, एखादा व्हॉल्व्ह उघडा राहून अडकलेला असतो आणि टाकीतल्या पेट्रोलचा चिकट थर झालेला असतो. उभे राहून झाले नसेल त्याहून जास्त नुकसान अशा गाडीला स्टार्टर मारल्यावर पहिल्या मिनिटात होते.

स्पायडर १९६६ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली आणि १९९३ पर्यंत बनत राहिली. इथे कार्बोरेटरवाल्या १६००, १७५० आणि २००० इंजिनांचा विचार केला आहे. अमेरिकेत विकलेल्या बऱ्याच गाड्यांवर स्पिका कंपनीचे यांत्रिक इंधन इंजेक्शन असते. त्याचा पंप जाणकाराकडूनच तपासून घ्यावा. अंदाजाने त्याचे स्क्रू फिरवू नयेत.

आधी पत्रा, मग इंजिन

या गाडीचे इंजिन कितीही बिघडले असले तरी दुरुस्त होते. पैसा खातो तो पत्रा. स्पायडरला पत्र्याचे पक्के छप्पर नाही, त्यामुळे बॉडीची ताकद मुख्यतः दारांखालच्या सिलमध्ये (लांब, पोकळ पट्टीत) आहे आणि ती सिल तीन थरांची आहे. बाहेरचा थर नवा, चकचकीत दिसतो आणि आतला मधला पत्रा हाताने चुरता येतो, असे सर्रास आढळते. कापडी छपराचे पाणी सीटमागच्या नळ्यांतून खाली जाते. नळ्या पानांनी आणि धुळीने तुंबल्या की पाणी आत साचते आणि सिल आतून कुजत जाते.

तपासायची सोपी पद्धत अशी: दार बंद करून त्याच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली मोजा. मग गाडी पुढच्या जॅकिंग पॉइंटजवळ हळूहळू उचला आणि फट पुन्हा मोजा. फट बदलली, दार घासू लागले किंवा उघडेनासे झाले तर सिल गेली आहे. रंगावरून चुंबक फिरवा. जिथे पकड सुटते तिथे खाली पुट्टी आहे. सीटखालची जमीन, स्टेपनीची खोल जागा, रेडिएटरखालचा आडवा पत्रा आणि बॅटरी डिकीत असेल तर तिच्याखालचा भाग टोचणीने टोचून पाहा.

सिल कापायची वेळ आली तर आधी दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपचा आडवा आणि तिरका आधार वेल्ड करा, मग एकेक बाजू घ्या. आधाराशिवाय दोन्ही सिल कापल्या तर गाडी मधोमध खचते. त्या अवस्थेत नवी सिल बसवली की वाकडेपणा कायमचा होतो आणि दारे पुढे कधीच नीट लागत नाहीत. पत्र्याचा हा खर्च नीट अंदाजून मगच बाकीच्या कामाला हात घाला.

इंजिन हाताने जागवायचे

या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे, लायनर मात्र लोखंडी आणि ‘ओले’, म्हणजे त्यांच्या बाहेरून थेट कूलंट फिरते. वर व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट, चेनवर चालणारे. फायरिंगचा क्रम १-३-४-२.

प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये १५ ते २० मिली पातळ शिरकाव करणारे तेल घाला. बाजारचे मिळाले नाही तर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) आणि अ‍ॅसिटोन निम्मे-निम्मे चालते, पण अ‍ॅसिटोन पटकन पेट घेते. दारे-खिडक्या उघड्या ठेवा. तीन-चार दिवस तसेच राहू द्या, रोज थोडे थोडे तेल घाला.

दरम्यान कॅम कव्हर उघडा. आठही व्हॉल्व्हचे टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या वाट्या) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. कॅमचा उंचवटा दुसरीकडे असतानाही टॅपेट खाली दबलेला असेल, म्हणजे कॅमशी मोठी फट दिसत असेल, तर तो व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेला आहे. अशात क्रँक फिरवला की पिस्टन त्याला धडकून व्हॉल्व्ह वाकतो. पुढे व्हॉल्व्ह बदलायची वेळ आली तर एक इशारा लक्षात ठेवा: एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह आतून पोकळ असून त्यांत सोडियम असते. जुना व्हॉल्व्ह कापू नका, ग्राइंडरवर धरू नका. सोडियमला पाणी लागले की ते भडकते.

आता पुढच्या पुलीचा ३८ मिमी नट पान्याने फिरवा, फक्त घड्याळाच्या दिशेने. थोडे फिरून अडले तर थांबा, परत तेल घाला, दुसऱ्या दिवशी पाहा. पान्याला लांब पाइप लावून जोर काढू नका, रिंग तुटते. आठवडाभरानेही हलले नाही तर हेड काढण्याला पर्याय नाही.

हेड काढणे हे या इंजिनाचे सर्वांत चिकट काम. स्टील स्टड आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये पांढरी भुकटी जमून हेड जागच्या जागी पकडले जाते. स्टडच्या भोकांत अनेक दिवस तेल सोडावे लागते आणि हेड सगळीकडून सारखे, थोडे थोडे वर घ्यावे लागते. हेड आणि ब्लॉकच्या मध्ये स्क्रूड्रायव्हर ठोकला तर मऊ पृष्ठभागावर खाच पडते आणि नवे गॅस्केट तिथूनच गळते. हेड निघाल्यावर लायनर क्लॅम्पने दाबून धरल्याशिवाय क्रँक फिरवू नका. पिस्टनबरोबर लायनर वर सरकतो, खालचे सील सुटते आणि कूलंट ऑइल संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) उतरते.

ओल्या लायनरचा फायदाही मोठा आहे: पिस्टन आणि लायनर जोडीने नवे बसवता येतात, ब्लॉक बोअर करावा लागत नाही. बसवल्यावर लायनर ब्लॉकच्या पातळीपेक्षा ० ते ०.०६ मिमी वर असला पाहिजे आणि चारही जवळपास सारखे. एखादा खाली राहिला तर गॅस्केट तिथे दाबले जात नाही आणि ते जळते.

हेड गॅस्केट ही या इंजिनाची जुनी दुखरी नस आहे. हेडमध्ये तेल नेणाऱ्या मार्गांभोवती छोट्या रबरी रिंगा असतात. त्या कडक झाल्या की तेल कूलंटमध्ये शिरते, कारण इंजिन चालू असताना तेलाचा दाब कूलंटपेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून ऑइलच्या झाकणाबरोबर रेडिएटरचे झाकणही उघडून पाहा. झाकणाखाली नुसती पिवळसर साय असेल तर ती बऱ्याचदा बाष्पाची असते. रेडिएटरमध्ये तपकिरी लोणी दिसले तर गॅस्केट गेले.

टायमिंग आणि फटी

इंजिन मोकळे फिरू लागले की पुलीवरची पी ही खूण (पिस्टन अगदी वर असल्याची) निर्देशकासमोर आणा. पहिल्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनला दोन्ही कॅमवरच्या खुणा पुढच्या बेअरिंग कॅपवरच्या खुणांशी जुळायला हव्यात. पुलीवरची एफ खूण इग्निशनच्या मूळ टायमिंगची आणि एम खूण कमाल अ‍ॅडव्हान्सची, म्हणजे ठिणगी सर्वांत आधी पडण्याची. जुन्या डिस्ट्रिब्यूटरच्या स्प्रिंगा सैल पडलेल्या असतात. त्यामुळे पुढे स्ट्रोब लाइटने (ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्याने) एम खूण जुळवणे जास्त भरवशाचे.

व्हॉल्व्हच्या फटी इंजिन थंड असताना मोजा. १७५० आणि २००० साठी इनटेक ०.४७५ ते ०.५०० मिमी, एक्झॉस्ट ०.५२५ ते ०.५५० मिमी. फट बदलायची तर टॅपेटखालची शिम (पातळ चकती) बदलावी लागते आणि त्यासाठी कॅम काढावा लागतो. म्हणून आधी आठही फटी कागदावर लिहा, मग कॅम काढून प्रत्येक शिम मायक्रोमीटरने मोजा आणि लागतील तेवढ्या एकदमच मागवा. शिमा ०.०२५ मिमीच्या टप्प्याने मिळतात.

पेट्रोल आणि कार्बोरेटर

टाकी पूर्ण रिकामी करा. तळाला गंज असेल तर टाकी काढून साफ करून घ्या. पहिले स्टार्ट टाकीवर करायचेच नाही; दोन-तीन लिटर ताजे पेट्रोल वेगळ्या डब्यातून द्या. इंधनाचे सगळे रबरी पाइप बदला. भारतात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, युरोपात १० टक्क्यांचे. १९७० च्या दशकातले रबर दोन्हींत मऊ होऊन सुटते. इथेनॉल सोसणारा पाइप घ्या, पंपाचा डायाफ्रामही नवा टाका.

वेबर ४० डीसीओई कार्बोरेटर उघडून सगळे जेट कार्ब क्लीनरने आणि हवेने साफ करा, तार घालू नका. फ्लोटची उंची त्या कार्बोरेटरवर कोरलेल्या क्रमांकाप्रमाणे जुळवा. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमधले रबरी माउंट वाकवून पाहा. यांना तडा गेला की इंजिन आयडलला डगमगते, कार्बोरेटरमधून फटफटते आणि लोक महिनोन्‌महिने जेट बदलत बसतात. शंका असेल तर नवेच टाका.

पहिले स्टार्ट

नवे २० डब्ल्यू ५० तेल साधारण साडेसहा लिटर लागते. शेवटचा निर्णय डिपस्टिकचा. नवा फिल्टर बसवा. कूलंट अर्धे गंजरोधक असलेले अँटिफ्रीझ, अर्धे डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या पाण्याने अ‍ॅल्युमिनियम आतून खाल्ले जाते.

बॅटरी थेट जोडू नका. आधी सगळे स्विच बंद ठेवून बॅटरीच्या वायरीत २१ वॅटचा १२ व्होल्ट बल्ब मालिकेत जोडा. बल्ब भकाभक पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे; फ्यूज एकेक काढत शोधा. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट्स बारीक पॉलिश पेपरने साफ करा, फट ०.४ मिमीच्या आसपास ठेवा. मुंबईत प्रीमियर पद्मिनीवर हात बसलेले मेकॅनिक हे काम आजही उत्तम करतात.

प्लग काढलेलेच ठेवून, कॉइलची वायर सोडवून स्टार्टर दहा-दहा सेकंद मारा, मध्ये एक मिनिट विश्रांती. ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत प्लग लावायचे नाहीत. काटा हलला, कॅमवर तेल दिसले, मग प्लग लावून, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवून चालू करा. गरम इंजिनाला आयडलवर निदान ०.५ ते १ आणि जास्त आरपीएमला ३.५ ते ५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब हवा. पहिल्या काही मिनिटांत भरपूर निळा-पांढरा धूर येईल. ते सिलिंडरमध्ये घातलेले तेल आहे. पंधरा-वीस मिनिटे होऊनही पांढरा धूर आणि कूलंट कमी होत राहिले तर बंद करा.

ब्रेक, क्लच, गिअर

चारही चाकांना डिस्क आहेत. कॅलिपरचे अडकलेले पिस्टन दाबाच्या हवेने उडवू नका, बोटे जातात; ब्रेकच्याच हायड्रॉलिक दाबाने बाहेर ढकला. रबरी होज बाहेरून चांगले दिसले तरी बदला. ते आतून सुजतात, तेल पुढे जाते पण परत येत नाही आणि चाक धरून राहते. डॉट ४ प्रतीचे ब्रेक तेल घाला.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली असेल तर पेडल लाकडाने दाबून रात्रभर ठेवा आणि इंजिन बंद असताना चौथ्या गिअरमध्ये गाडी पुढे-मागे हलवा. गिअरबॉक्सला सुमारे १.८ लिटर जीएल-४ प्रतीचे तेल. जीएल-५ ची निसरड या सिंक्रोला (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कडीला) पकड घेऊ देत नाही. दुसऱ्या गिअरचा सिंक्रो आधीच नाजूक असतो. तेल गरम होईपर्यंत दुसरा गिअर सावकाश टाका. प्रोपेलर शाफ्टचा रबरी कपलिंग भेगाळला असेल तर नवा बसवा आणि त्याभोवतीची धातूची पट्टी बोल्ट पूर्ण बसेपर्यंत काढू नका.

टायरच्या खाचांची खोली शाबूत दिसली तरी उत्पादनाचा आठवडा-वर्षाचा आकडा पाहा आणि जुने असतील तर टाकून द्या. पहिली फेरी वस्तीबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर, ताशी ४० किमीच्या आत. परतल्यावर चारही चाकांच्या मध्याला लांबून हात धरा. एखादे इतरांपेक्षा गरम लागले तर तो कॅलिपर अजून अडकतो आहे. ५०० किमीला तेल आणि फिल्टर पुन्हा बदला आणि व्हॉल्व्हच्या फटी परत मोजा. हेड उघडले असेल तर त्याचे नटही वर्कशॉप मॅन्युअलच्या क्रमाने पुन्हा आवळा.