जुनं मॉडेल रेल्वे इंजिन दुरुस्त करताय? आधी या चुका टाळा

काकांनी इंग्लंडहून आणलेलं ट्रायँग या ब्रिटिश खेळणी कंपनीचं छोटं काळं टँक इंजिन (पाण्याची टाकी इंजिनावरच असणारं, जिंटी म्हणतात त्याला) माळ्यावर सापडलं आणि मी उत्साहात त्याच संध्याकाळी पूर्ण खोललं, ही पहिली चूक. आधी 12 व्होल्ट डीसी देऊन बघायला हवं होतं, निदान 9 व्होल्टची बॅटरी तरी चाकांना लावायची. मोटर नुसती गुरगुरत असेल तर बहुतेक वेळा जुनं तेल चिकट झालेलं असतं, बाकी काही नाही.

दुसरी चूक त्याहून महागात पडली. यातल्या एक्स04 मोटरचं मॅग्नेट मी साफ करायला बाहेर काढलं. हे जुनं मॅग्नेट लोखंडी पोलपीसमधून (त्याला दोन्ही बाजूंनी धरणारे लोखंडी तुकडे) काढलं आणि तसंच मोकळं ठेवलं की त्याची ताकद उतरते, परत बसवलं तरी ती येत नाही. मग इंजिन आधीपेक्षा जास्त करंट खातं, तापतं आणि चढावर रडतं. काढायचंच असेल तर सरकवतानाच शेजारी लोखंडी तुकडा चिकटता ठेवा, पण खरं सांगू का, काढूच नका!

आता सगळ्यात जास्त लोक फसतात ती जागा. ब्रशची (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे छोटे तुकडे) स्प्रिंग, हेअरपिनसारखी, तिच्या एका पायावर बारीकशी इन्सुलेशनची नळी असते, तांदळाच्या दाण्याएवढी, काढताना कुठेतरी उडून जाते आणि आपल्याला कळतही नाही. एक ब्रश चॅसीला (इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेला असतो आणि दुसरा इन्सुलेटेड, नळी त्या दुसऱ्याच्या बाजूला. ती नसली की स्प्रिंगमधूनच शॉर्ट, कंट्रोलर लगेच ट्रिप होतो आणि आपण उगाच मोटर जळाली म्हणून हळहळतो. बारीक वायरचं आतलं तांबं ओढून काढा, उरलेलं कव्हर कापून घाला, काम झालं. डीसीसी (इंजिन डिजिटल सिग्नलने चालवायची पद्धत) करणार असाल तर दोन्ही पायांना नळी लागते आणि चॅसीकडचा ब्रशही वेगळा करावा लागतो, नाहीतर पहिल्याच दिवशी डिकोडर (तो सिग्नल वाचणारं इंजिनातलं सर्किट) जातो.

कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल भाग) मोबाईल रिपेअरवाल्यांकडे मिळतं त्या आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा, फटींतली काजळी टूथपिकने काढा. तेल बेअरिंगच्या फेल्टवर (तेल धरून ठेवणारा नमद्याचा तुकडा) एकेक थेंब, बस. डब्ल्यूडी-40 फवारून मोकळं व्हायचं नाही. चाकांना सँडपेपर पण नको, ओरखड्यांत घाण अजून बसते.

रंगाचं. हार्डवेअरच्या दुकानातलं थिनर प्लास्टिक बॉडीला लावलंत तर बॉडी विरघळते, विषय संपला. मी डेटॉल वापरतो, पाणी न घालता, बॉडी रात्रभर बुडवून ठेवायची, ग्लोव्ह्ज घालायचे आणि खिडकी उघडी (घरचे दवाखाना झालाय म्हणतात ते वेगळं). सकाळी जुन्या टूथब्रशने डेटॉलमध्येच घासायचं. इथे मी लगेच नळाखाली धरली होती, तर सुटलेल्या रंगाचा डिंकासारखा चिकटा झाला आणि रिव्हेट्समध्ये जाऊन बसला. आधी रंग पूर्ण निघू दे, मग साबणाचं पाणी. आणि गरम पाणी अजिबात नको, अगदी सुरुवातीच्या काही बॉडी आधीच वाकायला टपलेल्या असतात. त्यात बऱ्याच काळ्या बॉडी मुळातच काळ्या प्लास्टिकच्या असतात, म्हणजे रंग काढायची गरज आहे का तेच आधी बघा.

जुन्या चाकांचे फ्लँज (चाकाची रुळाच्या आत राहणारी कड) खोल असतात, कोड 75 ट्रॅकवर (कमी उंचीचे रूळ) खडखड आपटतात. कोड 100 वर (जरा उंच रूळ) चालवा.

डेकल (नंबर-अक्षरांचे पातळ छापील स्टिकर) मॅट रंगावर थेट लावू नका, खाली हवा अडकून चंदेरी दिसतं. आधी ग्लॉस, मग डेकल, वरून मॅट. आणि नंबरचं बघा जरा: एलएमएसची (जुनी ब्रिटिश रेल्वे कंपनी) अक्षरं आणि 47606 हा नंबर एकत्र चालत नाही. 1948 मध्ये सरकारी ब्रिटिश रेल्वे झाली तेव्हा एलएमएसच्या इंजिनांच्या नंबरात 40000 मिळवले, त्यामुळे एलएमएस हवं असेल तर 7606 लिहा. मी दोन्ही लावून बसलो होतो, वर मॅट वार्निशही मारून झालं होतं, मग काय, पुन्हा डेटॉल.