कोपऱ्याआधी कव्हर ठरवा: गावच्या कबड्डी संघाची बचावफळी

तुरी निघाल्या, कापूस शेवटच्या वेचणीला आला की आमच्या यवतमाळकडच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात कबड्डीच्या खुल्या सामन्यांची पत्रकं फिरायला लागतात. वजनगट कोणता, प्रवेश फी किती, पहिलं बक्षीस कोणाकडून, दुसरं कोणाकडून. पत्रक हातात पडलं की पोट्टे पारावर बसून संघ ठरवतात. चढाईचे दोघं आधी ठरतात, त्यात वाद नसतो. मग डाव्या कोपऱ्यावर कोण, उजव्यावर कोण, यावरून खडाजंगी. आणि उठता उठता कोणीतरी म्हणते, "राह्यलेसुरले त्याइले कव्हरले टाकून दे ना बे." हे वाक्य कानावर पडलं की मी समजतो, हा संघ लवकर घरी येणार.

माझं म्हणणं उलटं आहे. आधी दोन कव्हर, म्हणजे कोपऱ्यांच्या आतल्या बाजूला उभे राहणारे दोन बचाववाले ठरवा, मग त्यांना जुळतील असे दोन कोपरे शोधा. मी गावच्या नळयोजनेवर वॉल्व्ह फिरवायचं काम करतो, संध्याकाळचं पाणी सोडून झालं की पोट्ट्यांना पकडी शिकवतो. स्वतः उजव्या कव्हरला खेळलो आहे, तेव्हा माझा काटा थोडा कव्हरकडे झुकतो, हे धरूनच पुढचं वाचा.

सातपैकी बचावाचे खरे मालक चारच. दोन कोपरे, दोन कव्हर. दोन्ही इन, म्हणजे कोपरा आणि कव्हर यांच्या मधल्या जागा, आणि मध्यावर बहुतेक वेळा चढाईवालेच उभे असतात, आणि त्यांना जपायचं असतं. त्यांनी साखळी धरावी, मदतीला यावं, पण पकडीची सुरुवात त्यांच्याकडून नको.

आता फक्कीच्या रेषांचं गणित बघा. पुरुष गटाचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे आपल्या अंगणात खोली साडेसहा मीटर. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा (चढाईवाल्याला निदान एवढी तरी ओलांडावीच लागते), तिच्या मागे १ मीटरवर बोनस रेषा (ही ओलांडली की बोनसचा गुण), आणि त्यामागे शेवटच्या रेषेपर्यंत उरतात १.७५ मीटर. साडेपाच फुटी पोरगा हात लांबवून आडवा पडला तर दोन मीटर सहज खातो. म्हणजे कोपऱ्याने बोनस रेषेवर घोटा धरला, तरी चढाईवाल्याला स्वतःला ओढत न्यायचं उरतं पावणेतीन मीटर. निदान रेषेवर धरला तर फक्त पावणेदोन. साठ किलोचा, शेतात राबणारा पोरगा एका पायाला लटकलेल्या माणसाला घेऊन पावणेदोन मीटर सरपटतो, हे मी कित्येकदा पाहिलं आहे. त्यात मदतीला धावलेल्या दोघांनी उशिरा हात लावला तर तेही बाद. एका पकडीत तीन गुण समोरच्याला.

म्हणून कोपरा पकड सुरू करतो आणि कव्हर ती पुरी करतो. टाळ्या घोटा धरणाऱ्याला पडतात, निवेदकही त्याचंच नाव पुकारतो. पैसाही तिकडेच जातो. प्रो कबड्डीच्या लिलावात पुणेरी पलटनने २०२३ साली इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईला, म्हणजे डाव्या कोपऱ्याला, २ कोटी ३५ लाख दिले. २०२४ साली यू मुंबाने सुनील कुमारला १ कोटी १.५ लाखात घेतलं. भारतीय बचावपटूला तोवर मिळालेली ती सगळ्यात मोठी रक्कम, आणि सुनील कुमार उजवा कव्हर. तरी कोपऱ्याच्या निम्मीसुद्धा नाही!

शादलुई वाया गेला असं मुळीच नाही. दहाव्या हंगामात त्याने पकडींचे ९९ गुण घेतले आणि मार्च २०२४ मध्ये पलटन पहिल्यांदा विजेती झाली. पण त्या सामन्यांचे व्हिडिओ मोबाइलवर परत लावा आणि शादलुईकडे बघू नका. कव्हरला उभे असलेले संकेत सावंत आणि अबिनेश नादराजन यांचे पाय बघा. शादलुई झेपावतो त्याच क्षणी ते चढाईवाल्याच्या परतीच्या वाटेवर येऊन उभे असतात. त्याच्या आधीच्या हंगामात जयपूर जिंकली, तेव्हा सर्वाधिक पकडी अंकुशच्या नावावर होत्या. पोरगा नवखा, डाव्या कोपऱ्यावर. संघाचा कर्णधार मात्र कव्हरला होता, हाच सुनील कुमार.

तर पोरगा निवडायचा कसा?

कव्हरसाठी ताकद लागते हे सगळ्यांना माहीत आहे, पण ताकदीआधी मी सबुरी बघतो. सरावात चढाईवाल्याला सांगतो, नुसत्या हुलकावण्या दे, खरा हात मारू नको. जो दुसऱ्याच हुलकावणीला पुढं झेपावतो तो कव्हर नाही, मग तो कितीही धिप्पाड असो. "आता कायले झपाटते बे? येऊ दे ना त्याले आंदर," हे मी एका संध्याकाळी किती वेळा ओरडतो, ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. कव्हरची नजर चढाईवाल्याच्या कमरेवर हवी. हात खोटं बोलतो, पाय खोटं बोलतो, मान तर बोलतेच. कंबर वळली की माणूस खरंच वळला.

कोपऱ्याला मनगट आणि बुटकेपणा दोन्ही उपयोगी. खाली बसून राहायची सवय असलेला पोरगा घ्या. निंदण-वेचणीला जाणाऱ्या पोरांच्या मांड्या या कामाला तयार असतात, व्यायामशाळेत नुसती छाती फुगवलेल्यांच्या नसतात. शिवाय चढाईवाल्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो आणि बहुतेक पोरं उजव्या हाताची, म्हणून दोघांत सरस असेल त्याला डाव्या कोपऱ्यावर ठेवा.

जोडी मात्र पटाच्या बैलांसारखी जुळवावी लागते. एक सुसाट आणि एक मठ्ठ असला तर धाव वाकडी जाते. झटपट झेपावणाऱ्या कोपऱ्याशेजारी चपळ कव्हर द्या, जरा सावकाश पण पक्की पकड असणाऱ्याशेजारी जड कव्हर चालतो. चौघांचा सराव एकत्र घेऊच नका. डावी जोडी वेगळी, उजवी जोडी वेगळी, आणि निदान पहिला महिना जोड्या बदलू नका.

सरावाची एकच गोष्ट नीट सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. तुरीचं कुटार भरलेलं बारदान घ्या, तोंड शिवून टाका, एका बाजूला दोर बांधा. बारदान बोनस रेषेवर ठेवा आणि दोर मध्यरेषेपलीकडे उभ्या असलेल्या पोराच्या हाती द्या. मी टाळी वाजवली की कोपरा बारदानावर झेपावतो, दोरवाला त्याच क्षणी ओढायला लागतो, आणि कव्हरने बारदान आणि मध्यरेषा यांच्या मधे यायचं. बारदानाला हात लावायचा नाही! नवीन पोरं हमखास बारदानावर पडतात. कव्हरने आधी वाट अडवायची, मध्यरेषेकडे पाठ करून, गुडघे वाकवून, छाती समोर. अंगाला भिडायचं ते त्यानंतर.

इशारा तोंडाने देऊ नका, चढाईवाल्यालाही कान आहेत. कोपऱ्याची मागची टाच बघा. झेपावण्याआधी ती उचलली जातेच. कव्हरने डोळ्याच्या कडेने ती टाच धरून ठेवायची आणि नजर कमरेवरच ठेवायची. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, पण एकदा पडलं की आवाज लागत नाही.

गेल्या हंगामात शेजारच्या तालुक्यात उपांत्य सामन्याला हे फार छान दिसलं. आमचे पाच मैदानात, समोरच्याची दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई, म्हणजे गुण घेतल्याशिवाय परत गेला तर तो बाद. उंच पोरगा होता, पाय लांब. उजव्या पायाने आमच्या डाव्या कोपऱ्याला डिवचत होता, पाय टाकायचा आणि काढायचा. तिसऱ्यांदा पाय टाकला तेव्हा त्याचं वजन क्षणभर त्या पायावर आलं आणि आमच्या पोराने घोटा दोन्ही हातांनी धरला, डोकं त्याच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला. उंच पोरगा वळून पडला, हात लांबवला. तोवर आमचा कव्हर त्याच्या पुढं बसल्यासारखा झाला होता. हात पोहोचला तो कव्हरच्या पोटरीपर्यंत. मग बाकीचे आले आणि वर पडले, ते नुसतं फोटोपुरतं.

डोकं बाहेरच्या बाजूला, हे पुन्हा सांगतो. घोटा धरताना डोकं दोन पायांच्या मधे गेलं तर गुडघा कपाळावर बसतो. आणि साखळी धरताना बोटांत बोटं गुंफू नका, मनगट धरा. कापसाच्या दिवसांत बोट मोडलेला पोरगा घरच्यांच्या शिव्या खातो आणि तुम्हीही खाता.

मैदानात किती जण उरलेत त्यावर कोपरा-कव्हरचं काम बदलतं. सहा किंवा सात असताना बोनस चालू असतो. तेव्हा समोरचा पाय पुढं टाकून कोपऱ्याला भुलवणारच. पहिला एखादा बोनस जाऊ द्या. एक गुण जातो, पण तो कोणता पाय टाकतो आणि कुठून परत वळतो ते कळतं. पाच झाले की बोनस बंद, चढाईवाल्याला स्पर्शासाठी जवळ यावंच लागतं. ही कव्हरची वेळ. हात मारून तो बाजूच्या रेषेकडून परत वळला की कव्हरने खांद्याने कमरेवर धडक द्यायची आणि बाहेर काढायचं. फक्त एक ध्यानात ठेवा: स्पर्श होण्याआधी बाजूच्या राखीव पट्टीत पाय पडला तर तुमचाच पोरगा बाद. धडकेच्या नादात हे फार होतं.

तीन किंवा त्याहून कमी उरले की पकडीला एक गुण जादा, म्हणजे दोन. इथं मी दोन कोपरे आणि एक कव्हर पसंत करतो, पण पसंती आपल्या हातात नसते. बाद झालेले ज्या क्रमाने गेले त्याच क्रमाने परत येतात. म्हणून कव्हरने उगाच अंगावर जाऊन बाद होणं फार महाग पडतं. तो बाहेर बसला की त्याच्या आधी गेलेले सगळे आत यायची वाट बघा.

डुबकीवाला समोर असेल तर वेगळा बंदोबस्त लागतो. प्रदीप नरवालमुळे गावोगावी पोरं डुबकी मारायला शिकली आहेत. कव्हर आणि इन यांची साखळी छातीच्या उंचीवर असते, तो खाली वाकून हाताखालून निघून जातो. साखळी कमरेच्या खाली आणा, आणि तो वाकला की हात सोडून मांडीला जा. हात धरून ठेवण्याचा हट्ट करणारे नुसते त्याच्या पाठीवरून घसरतात.

केस, कपडे ओढणं, तोंड दाबणं, पायांची कैची घालणं, अशी पकड पंच देणार नाहीत आणि देऊही नये. खुल्या सामन्यांत काही ठिकाणी चालवून घेतात, पण पोरांना ती सवय लावू नका. जिल्ह्याच्या निवडीला गेल्यावर तीच अंगलट येते.

सामन्याच्या दिवशी काट्यावर जायच्या आधी सगळ्यांची नखं कापा, अंगाला तेल नको, दोन्ही गोष्टी नियमातच आहेत. वजन काठावर असेल तर ते कोपऱ्याकडून उतरवा, कव्हरकडून नाही. दिवसभर उपाशी धावडवलेला कव्हर रात्रीच्या तिसऱ्या सामन्यात वाट अडवायला उभा राहतो आणि समोरचा त्याला घेऊन मध्यरेषेपार जातो. आणि बारा जणांच्या यादीत राखीव पाच निवडताना तिसरा कोपरा घेण्याआधी तिसरा कव्हर घ्या. दोन्ही बाजूंनी खेळू शकेल असा मिळाला तर त्याच्या घरी जाऊन त्याच्या बापाला आधीच सांगून ठेवा, कारण ऐन सामन्याच्या रात्री त्याच पोराला वावरात पाणी धरायला पाठवतात.