मुलांसोबत वाचायला जायचंय? नाशिकमधला माझा अनुभव

आठवड्यातले दोन ठरलेले दिवस देता येणार असतील तरच शाळेत जाऊन मुलांसोबत वाचायच्या या कामाला हात घाला. 'जमेल तसं येईन' म्हणणाऱ्या दादा-ताईंचा शाळेला तापच जास्त होतो. दुसरीतलं पोर मंगळवारी पुस्तक काढून बसतं, तुम्ही फिरकत नाही, आणि पुढच्या मंगळवारी ते पुस्तक काढतच नाही. मी नाशिकमध्ये महापालिकेच्या शाळेत पहिली ते चौथीच्या मुलांसोबत वाचायला जाते. डी.एड., बी.एड. काही नाही, पोटापाण्याचं काम हिशेब लिहिण्याचं. त्यामुळे शिक्षक नसलेल्या माणसाला जे उमगलं तेवढंच सांगते.

आधी मुख्याध्यापकांना भेटा. एक पानी अर्ज, ओळखपत्राची प्रत, कोणते वार, किती वेळ, बस्स. जून-जुलैत गेलात तर उत्तम. स्नेहसंमेलनाच्या धामधुमीत तुमच्याकडे बघायलाही कोणाला फुरसत नसते. कॉलेजात एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेत) असाल तर वर्षाच्या १२० तासांत हे तास धरतील का, ते कार्यक्रम अधिकाऱ्यांना सुरुवातीलाच विचारून घ्या. बसायला व्हरांडा बरा, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर. मुलांचे फोटो काढू नका, स्टेटसला तर नाहीच नाही. आणि वर्गाच्या बाईंशी सूर जुळवा. तुम्ही त्यांच्या चुका काढायला आलेला नाही, हे एकदा त्यांना पटलं की कोणाला चष्मा लागलाय, कोण घरी धाकट्या भावाला सांभाळतं, हे त्या आपणहून सांगतात.

आता खरं काम. मूल कितवीत आहे ते बाजूला ठेवा आणि ते कुठवर वाचतं ते बघा. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' नावाच्या शैक्षणिक पाहणीत २००५ पासून जी चाचणी वापरतात ती मला सगळ्यात सोयीची वाटते. अक्षरं, साधे शब्द, छोटा परिच्छेद, मग गोष्ट. पाच अक्षरांतली चार ओळखली की पुढे शब्द. पाच मिनिटांत अंदाज येतो. चौथीतलं मूल शब्दांवर अडकलेलं निघालं तर चेहऱ्यावर काही दाखवू नका, त्याच्यासाठी शब्दांपासूनच सुरू करा.

फसवतात ती घडाघडा वाचणारी मुलं. तिसरीतली एक मुलगी बालभारतीतला धडा न अडखळता म्हणायची. बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या ओळीवर! सगळा धडा पाठ. मी वरचा भाग तळहाताने झाकला आणि म्हटलं, "आता खालून वर वाच." ती 'दिवस'वर थांबली. पहिली वेलांटी कागदावर 'द'च्या आधी दिसते आणि तोंडात 'द'च्या नंतर येते, तिथे बरीच मुलं गोंधळतात. 'द ला पहिली वेलांटी दि' हे लिहिताना ठीक आहे, पण वाचताना एवढं सगळं म्हणेपर्यंत शब्दाची सुरुवात विसरलेली असते. म्हणून दि, कि, मि असे तुकडे अख्खेच ओळखायला लावते. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर लिहून ठेवलेत, कोपरे पार कुरतडलेत.

मूल अडलं की लगेच शब्द सांगायची आपल्याला भारी घाई असते. मनात पाचपर्यंत मोजा. निम्म्या वेळा ते स्वतःच सोडवतं. नाहीच जमलं तर पहिला तुकडा द्या, पूर्ण शब्द नको.

नाशिकमध्ये घरची भाषा हा मोठा विषय आहे. सातपूर-अंबडकडे कित्येक मुलांच्या घरी हिंदी किंवा भोजपुरी, बागलाण-मालेगावकडून आलेल्यांच्या घरी अहिराणी. पुस्तकातलं 'मला' कोणी 'माले' वाचलं तर हसू नका. त्याला अर्थ पोचलेला आहे, अक्षरं नीट बघायची राहिलीत. 'बरोबर, आता पुस्तकात कसं लिहिलंय बघू' एवढं पुरतं.

वाचायला काय द्यायचं? 'स्टोरीवीव्हर' या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, पातळीप्रमाणे लावलेल्या, छापून नेते. चौथीतल्या तयार मुलांना 'किशोर' मासिकाचे जुने अंक. पण माझं आवडतं साहित्य म्हणजे शहरातली आणि आसपासची नावं. सातपूर, निमाणी, दिंडोरी, रविवार कारंजा, अशोकस्तंभ. काना, वेलांट्या, अनुस्वार, जोडाक्षर सगळं त्यात येतं, आणि मुलांनी ही नावं बसमध्ये ऐकलेली असतात. 'त्र्यंबकेश्वर' सगळ्यात शेवटी. तो ज्याला फोडता आला त्याची दिवसभर कॉलर ताठ असते.

'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या वाचन-गणित अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं लक्ष्य आहे. शाळेला त्याची नोंद द्यावी लागते, तुम्ही मात्र घड्याळ खिशातच ठेवा. घड्याळ दिसलं की मुलं धावत सुटतात आणि 'गोष्टीत काय झालं?' विचारलं की गप्प. मी उलट करते, वाचून झाल्यावर एकच प्रश्न, तोही ज्याचं उत्तर पुस्तकात नाही: 'तू त्याच्या जागी असतीस तर?'

एका गोष्टीची तयारी ठेवा, मुलं मधेच गायब होतात. पेठ, सुरगाण्याकडची कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला येतात. छाटणीला काही मुलं आपल्या वर्गात दाखल होतात आणि काढणी उरकली की आईबापांसोबत परत जातात. यात चिडण्यासारखं काही नाही, पण त्यांच्यासाठी लांबलचक योजना आखू नका. प्रत्येक बैठक त्या दिवसापुरती पूर्ण होईल अशी घ्या. जाताना दोन पातळ पुस्तकं हातात द्या, परत मागू नका.

प्रत्येक मुलाची एक वही ठेवा. तारीख, काय वाचलं, कुठे अडलं, एवढ्या तीन ओळी. तुमची बदली झाली किंवा परीक्षा आली तर ती वही बाईंकडे द्या, घरी नेऊ नका. नवीन येणाऱ्याला पुन्हा अक्षरांपासून तपासत बसावं लागत नाही.