10 मीटर एअर पिस्तूल: ग्रुप (शॉट्सचा पुंजका) लहान कसा करावा

रेंजवर नव्या नेमबाजाची निम्मी ताकद हात स्थिर ठेवण्यातच जाते. हात पूर्ण स्थिर कोणाचाच राहत नाही, आणि तशी गरजही नसते. दहाचे वर्तुळ 11.5 मिमी व्यासाचे आहे, पण 4.5 मिमीचा छर्रा रेषेला नुसता टेकला तरी वरचाच गुण मिळतो. म्हणजे साइट्स (नेम धरण्यासाठी पिस्तुलावर पुढे असलेली पट्टी, म्हणजे फ्रंट साइट, आणि मागची खाच, म्हणजे रिअर साइट) जुळलेल्या असतील आणि हात डुलून शॉट मध्यापासून 7 मिमी सरकला, तरी तो दहाच. आता दुसरी बाजू पाहा. दोन साइट्समधले अंतर साधारण 32 सेमी धरले, तर फ्रंट साइट खाचेत 1 मिमी इकडेतिकडे झाल्यावर 10 मीटरवर छर्रा सुमारे 31 मिमी भरकटतो. थेट सात! म्हणून सगळी मेहनत साइट्स आणि ट्रिगरवर घ्या.

त्याआधी शिस्त. नळीचे तोंड कायम टार्गेटच्या दिशेला ठेवा आणि नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर असू द्या. पिस्तूल टेबलावर ठेवताना ते रिकामे असल्याची खात्री करा आणि नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचे दाखवणारी रंगीत दोरी) घाला. यात कुणालाही सवलत नाही.

1. पाय आणि शरीर

पाय खांद्याइतके फाकवा, वजन दोन्ही पायांवर सारखे ठेवा, मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवा. मान सरळ ठेवून डोके फक्त वळवा. आता नेम धरा, डोळे मिटा, एक श्वास घ्या, डोळे उघडा. पिस्तूल टार्गेटच्या बाजूला गेलेले दिसले तर ते मनगटाने ओढून आणू नका. ओढलेला स्नायू ऐन शॉटच्या वेळी सैल पडतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याने, पिस्तूल उजवीकडे जात असेल तर मागचा पाय सेंटीमीटरभर पाठीच्या दिशेने सरकवावा. डावीकडे जात असेल तर पोटाच्या दिशेने. मग पुन्हा डोळे मिटून तपासा.

2. पकड

अंगठा आणि तर्जनीमधली खोबण ग्रिपमध्ये जाईल तितकी वर बसवा. खालची तीन बोटे सरळ मागे दाब देतात, अंगठा नुसता टेकतो, मनगट घट्ट. तर्जनी ग्रिपला घासता कामा नये. पकड किती घट्ट आहे यापेक्षा प्रत्येक शॉटला ती तितकीच आहे का, हे जास्त महत्त्वाचे.

3. साइट्स

फ्रंट साइटचा माथा रिअर साइटच्या माथ्याशी समपातळीत, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या. नजर फ्रंट साइटच्या कडेवर. टार्गेटच्या मध्यावरचे काळे वर्तुळ धूसर दिसलेच पाहिजे. ते स्पष्ट दिसू लागले की समजा नजर पुढे निसटली. नेम काळ्याच्या खाली, मध्ये पांढरी पट्टी सोडून धरा. काळ्याला अगदी चिकटून नेम धरला की फ्रंट साइटची वरची कड त्यात विरघळते.

4. ट्रिगर

नियमानुसार ट्रिगरचे वजन (तो सुटायला लागणारा दाब) किमान 500 ग्रॅम लागते. बोटाच्या पहिल्या पेराचा मध्य त्यावर टेकवा. पिस्तूल काळ्याच्या वर नेऊन श्वास सोडत खाली आणा आणि येतायेताच ट्रिगरचा पहिला टप्पा (शॉट सुटण्याआधीचा हलका भाग) दाबून घ्या. नेमाच्या जागी पिस्तूल स्थिरावताच दाब सरळ मागे, न थांबता वाढवत राहा. दहा दिसला की "आत्ताच!" म्हणून झटका देण्याचा मोह हाच सगळ्यात मोठा शत्रू. तर्जनीबरोबर अख्खी मूठ आवळली जाते आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचा शॉट खाली डावीकडे जातो.

स्थिरावल्यापासून साधारण 8 सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली घ्या. त्यानंतर नजर मंदावते, थरथर वाढते. 60 शॉटना 75 मिनिटे मिळतात. एक शॉट सोडून दिल्याने काही बिघडत नाही. सुटल्यावरही एक-दोन सेकंद फ्रंट साइटकडे पाहत राहा आणि शॉट कुठे गेला असेल ते मॉनिटर (शॉट दाखवणारा पडदा) पाहण्याआधी मनाशी ठरवा. अंदाज आणि मॉनिटर जुळू लागले म्हणजे नजर योग्य जागी आहे.

5. सराव

सुरुवात ड्राय फायरने करा: छर्रा न भरता, कोऱ्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर, पिस्तुलाची ड्राय फायर सोय वापरून. ट्रिगर सुटताना फ्रंट साइट खाचेत हलली का, एवढेच पाहायचे. मग टार्गेटचे कागदी कार्ड उलटे लावून कोऱ्या बाजूवर 10 शॉट मारा. काळे वर्तुळ नसल्याने नजर आपोआप साइटवर राहते आणि ग्रुप बहुधा नेहमीपेक्षा लहान येतो.

साइटचे क्लिक (साइट सरकवणाऱ्या स्क्रूचे टप्पे) सगळ्यात शेवटी. ग्रुप उभा पसरत असेल तर श्वास, मनगट आणि फ्रंट साइटची उंची तपासा. आडवा पसरत असेल तर पाय आणि पकड. एका शॉटवरून क्लिक फिरवू नका. निदान 5 शॉट एकत्र पडून सगळा ग्रुप एकाच बाजूला दिसला, तरच साइटला हात लावा.