उथळ रीफ टाकीतला प्रवाह: हवा ओढणे आणि वाळू उडणे कसे थांबवले

रीफ म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, 120 × 60 × 30 सेंमी, पाण्याची खोली जेमतेम 26. अशा टाकीत एकच मोठा वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह निर्माण करणारा पंख्याचा पंप) लावला की दोन्हीकडून अडचण: वर सरकवला तर भोवरा होऊन हवा ओढतो आणि पाणी बारीक बुडबुड्यांनी भरते, खाली आणला तर वाळूत खड्डा पडतो.

दगड वजा जाता पाणी सुमारे 170 लिटर. मऊ प्रवाळ आणि मोठ्या पॉलिपचे (पॉलिप म्हणजे प्रवाळाचा एकेक जीव) प्रवाळ एकत्र असतील तर तासाला टाकीतल्या पाण्याच्या 25-30 पट प्रवाह पुरतो, म्हणजे 5,000 लिटरच्या आसपास. म्हणून ताशी 4,000 लिटरचे दोन छोटे डीसी वेव्हमेकर घेतले. रुंद फवाऱ्याचेच घ्यावेत. अरुंद झोत समोरच्या प्रवाळाचे मांस अक्षरशः सोलून काढतो. दोन्ही आखूड बाजूंना, मध्यरेषेपासून थोडे तिरके, पंख्याचा माथा पृष्ठभागाखाली 6-7 सेंमी, तोंड किंचित वर. वेग 40 टक्क्यांपासून वाढवत 65 वर आणला आणि आळीपाळीचा मोड ठेवला.

तरीही अधूनमधून हवा ओढली जात असेल, तर आधी पाण्याची पातळी बघा. संप (मुख्य टाकीला जोडलेली वेगळी खालची टाकी) नसलेल्या टाकीत बाष्पीभवनाची सगळी घट इथेच दिसते आणि 2 सेंमीनेही भोवरा सुरू होतो. ऑटो टॉप-ऑफ (घटलेले पाणी आपोआप भरणारे यंत्र) बसवणे हाच खरा उपाय.

वाळू 2-3 मिमी दाण्याची घ्या, अगदी बारीक नको. वेव्हमेकर काचेला धरून ठेवणारा चुंबक काचेच्या जाडीला साजेसा आहे ना, हे खरेदीआधीच तपासा.