गोधडीसाठी कातरणं साठवताय? या चुका टाळा

पिशवी कातरणांनी फुगलेली असते, पण शिवायला बसलं की हवा तो तुकडा हाती लागत नाही. याचं कारण म्हणजे सगळे तुकडे उरले तसेच कोंबलेले असतात. रंगांप्रमाणे लावले तरी फारसा फरक पडत नाही. आधी मापं ठरवा, रंग नंतर.

1.5, 2.5 आणि 4.5 इंच ही तीन मापं पुरतात. पाव इंच माया (शिवणीबाहेर कडेला सुटणारं कापड) धरली, तर 1.5चे दोन चौकोन जोडून रुंदी 2.5 होते आणि 2.5चे दोन जोडून 4.5. त्यामुळे कुठलाही तुकडा कुठेही बसतो. कापण्याआधी इस्त्री फिरवा. चुरगळलेल्या कापडावर घेतलेलं माप नंतर चुकतंच. कडक किनार काढून टाका, ती धुतल्यावर वेगळी आकसते.

जोडलेले तुकडे 4.5 भरत नसतील, तर कापणीला दोष देण्याआधी माया मोजा. अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) माया जास्त गेली की प्रत्येक शिवणीला एक सूत कापड कमी होतं, म्हणजे आठ शिवणींत पूर्ण इंच! चौकोन ओढला जात असेल, तर कडा उरेब, म्हणजे धाग्यांना तिरप्या कापलेल्या, आहेत. असे तुकडे स्टार्च लावून मगच कापा, आणि इस्त्री घासू नका, नुसती दाबा.

लाल, गडद निळा, काळा या रंगांवर विश्वास ठेवू नका. ओलं पांढरं फडकं तुकड्यावर दाबून इस्त्री करा. डाग उमटला तर तो तुकडा फिक्या रंगाशेजारी नको. सुटे तुकडे वॉशिंग मशीनमध्ये टाकले तर दोरे सुटून गुंता होतो. जाळीच्या पिशवीत घालून हातानेच धुवा.

होजिअरी आणि पॉलिस्टर सुती तुकड्यांत मिसळू नका. होजिअरी ताणली जाते, पॉलिस्टर सुतीच्या इस्त्रीला आकसतं. शंका आल्यास एक धागा चिमट्यात धरून जाळा. सुती धाग्याची राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

डबे उन्हात नकोत, घडीवरचा रंग उडतो. कापड पूर्ण वाळल्याशिवाय प्लॅस्टिकमध्ये बंद केलं तर बुरशी ठरलेलीच.

1.5 इंचाहून लहान तुकडे जपण्याचा मोह होतोच. ते पातळ कागदावर शिवून जोडता येतात. टाका 1.5 मिलिमीटर ठेवा, म्हणजे कागद सहज फाटून निघतो. तेवढी चिकाटी नसेल तर सरळ उशीत भरा.