ग्रीन झोनचा यलो होतोय, हरकतीची तयारी आजपासूनच

आपल्या सोसायटीच्या मागच्या नाल्याला लागून असलेली मोकळी जमीन शेती झोनमधून (नकाशावर हिरवा) काढून रहिवासी (पिवळा) करायची नोटीस पेपरात आलीये आणि तेव्हापासून सोसायटीच्या ग्रुपवर नुसता संताप चाललाय, तो बरोबरच आहे पण संतापाची कुठे नोंद होत नाही, नोंद होते ती लेखी हरकतीची. आणि त्याला वेळ फार थोडा आहे, नगररचना कायद्याच्या (1966 चा एमआरटीपी) कलम 37 खाली डीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) असा फेरबदल करताना हरकती-सूचनांना एकच महिना मिळतो, तोही नोटिशीच्या तारखेपासून मोजतात, आपल्याला कधी कळलं त्यापासून नाही. त्यामुळे ज्यांच्या घरी तो पेपर आहे त्यांनी ते पान प्लीज रद्दीत घालू नका, पेपरचं नाव नि तारीख दिसेल असा फोटो काढून टाका, राजपत्रातली नोटीस कोणीतरी डाउनलोड करून ठेवा, आणि शेवटची तारीख गेटवरच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहा.

मग नकाशा. नोटिशीतले सर्व्हे नंबर घेऊन महाभूलेखवर सातबारा बघायचा आणि पालिकेतून त्या नंबरचा झोन दाखला आणि डीपीचा भाग नकाशा रीतसर अर्ज करून, पैसे भरून घ्यायचा, तोंडी माहितीवर जाऊ नका. कारण ग्रुपवर आत्ताच तीन वेगवेगळे नंबर फिरतायत आणि हरकतीत नंबरच चुकला तर खालचे सगळे मुद्दे भलत्याच जमिनीबद्दलचे ठरतील.

सगळ्यात जास्त मेहनत नाल्यावर घ्यायची असं माझं स्पष्ट मत आहे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रजपासून खाली सहकारनगर, टांगेवाले कॉलनीपर्यंत काय हाल केले ते पुण्यात कोणी विसरलेलं नाही, माणसं गेली त्यात, आणि त्याच रात्री आपल्याही पार्किंगमध्ये पाणी शिरलं होतं. बी विंगच्या मीटर रूमच्या भिंतीवर त्या गढूळ पाण्याची रेघ अजून दिसते, फ्रिजच्या रिकाम्या खोक्यांमागे आहे, खोकी बाजूला करा, फरशीपासून टेप लावा आणि टेपवरचा आकडा आणि रेघ दोन्ही एकाच फ्रेममध्ये येतील असा फोटो घ्या. तेव्हाचे गाड्या बुडालेले व्हिडिओ ज्यांच्या जुन्या फोनमध्ये असतील त्यांनी ते तारखेसकट काढून ठेवा. आज ती जमीन मोकळी आहे म्हणून पावसाचं निम्मंअर्धं पाणी तिथे मुरतं तरी, उद्या सगळं काँक्रीट झालं की ते थेट नाल्यात येणार आणि कल्व्हर्ट (नाल्याचं पाणी रस्त्याखालून नेणारी मोरी) आहे तेवढाच राहणार, हे साध्या मराठीत, फोटो जोडून लिहायचं.

रस्त्याचंही तसंच, "रस्ता अरुंद आहे" हे वाक्य कोणीही लिहितं, आपण कोपऱ्यावर, मंदिरापाशी आणि गेटसमोर टेपने रुंदी मोजायची, डीपीत किती दाखवलीये ती शेजारी लिहायची, आणि संध्याकाळी टेंपो लागलेले असताना उरलेली जागा वेगळी मोजायची. रस्त्याच्या रुंदीवर इमारतीची उंची आणि टीडीआर (दुसरीकडून आणून इथे वापरायचा जादा बांधकामाचा हक्क) ठरतो त्यामुळे हा आकडा लागतोच, आणि तिथून अग्निशमनची गाडी वळणार कशी हेही विचारायचं.

पाण्यासाठी खजिनदारांनी मार्च ते जूनची टँकरची बिलं काढून ठेवावीत. नवीन स्कीमला बिल्डरकडून हमीपत्र घेतात की पालिकेचं पाणी येईपर्यंत मी पाणी देईन, आणि पझेशन झाल्यावर टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो, म्हणजे तिथे घर घेणाऱ्यांचेही हालच. आपल्या भागाला आत्ता किती पाणी मिळतं यावर आजच आरटीआय (माहिती अधिकाराचा अर्ज) टाका, 10 रुपये फी, 150 शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय. उत्तराला 30 दिवस लागू शकतात, मुदतीत आलं नाही तर सुनावणीत वापरू. प्रकल्प 20,000 चौरस मीटर बांधकामाच्या वर गेला तर पर्यावरण मंजुरी लागेल, तेव्हा त्या मंजुरीचे अर्ज जिथे दिसतात त्या सरकारी परिवेश पोर्टलवर कोणीतरी एकाने नजर ठेवा.

आता प्रत्यक्ष हरकत. एकाच मजकुरावर सगळ्यांच्या सह्या घेऊन गठ्ठा देऊ नका, प्रत्येक घराने आपापली एक पानाची द्या, तळमजल्यावाल्यांनी पुराबद्दल, शाळेत मुलं सोडणाऱ्यांनी रस्त्याबद्दल, नाव-पत्ता-सही पूर्ण, आणि शेवटी "प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी" हे वाक्य न विसरता. दोन प्रती न्यायच्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसकट आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. आणि एक कळकळीची विनंती, "आमचा व्ह्यू जाईल", "फ्लॅटचे भाव पडतील", "कसली माणसं येतील" असलं काहीही लिहू नका. लोकांना घरं लागतात, आपली बिल्डिंगही कोणाच्या तरी शेतातच उभी आहे, आणि ज्यांची ती जमीन आहे ते काका गावातलेच आहेत, त्यांच्याशी भांडण नाही, उलट दोघातिघांनी जाऊन त्यांना आपलं म्हणणं आधी सांगून यावं.

कायद्यात हरकतींबरोबर सूचनाही आहेत, त्या जरूर द्या, की झोन बदलायचाच असेल तर आधी रस्ता रुंद करा, नाल्याकाठचा पट्टा मोकळा ठेवा, पाण्याची लाईन आल्याशिवाय भोगवटा (इमारत वापरायचा दाखला) देऊ नका.

सुनावणीला बोलणारे तिघंच ठरवा, बाकीच्यांनी हजेरी लावा, आणि तिथे जे बोललो ते लेखीही देऊन त्याची पोच घ्या. तिथून प्रस्ताव मुंबईला नगरविकास विभागाकडे जातो, मंजुरी शासनच देतं, म्हणून फाईल बंद करायची नाही, अहवालात आपल्या हरकतींवर काय शेरा मारलाय त्याची प्रत मागायची. टेप आणि कॅमेऱ्याचं काम या शनिवारी सकाळी करू, ज्यांना जमणार आहे त्यांनी सेक्रेटरींकडे नाव द्या, आणि मीटर रूमची चावी कोणाकडे आहे ते आजच सांगा.